एक्केचाळीस म्हणजे शून्य

दादाचा फोन एक्केचाळीस टक्क्यांवर बंद पडत असे. पडद्यावर तो आकडा आला, की पुढच्या दोन-तीन मिनिटांत पडदा काळा होणार हे ठरलेले. यात बिघाड काहीच नाही, एक्केचाळीसला शून्य म्हणायची सवय लावून घ्यायची, एवढेच दादाचे यावर म्हणणे होते.

"काही लोकांचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं," तो म्हणे. "ते काय फेकून देतात?"

मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे काम करते आहे. तापमापी, वजने आणि दाबमापी खरे बोलतात की नाही, आणि खोटे बोलत असतील तर नेमके कितीने, हे लिहून त्याखाली सही करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. माझ्याच ताटात जेवून वाढलेला माणूस असे तर्क करतो, हे मला आजवर पटलेले नाही. मी नऊ वर्षांची असताना, दूध गरम आहे असे आई म्हणाली म्हणून त्यात तापमापी बुडवली होती. त्या दिवसापासून दादा मला शंकासुर म्हणतो.

प्रकरणाची सुरुवात मूळ बॅटरी फुगण्यापासून झाली. फोन दादाच्या कंपनीने दिलेला, जुना आणि जाडजूड, पाठीचे झाकण निघणारा. एके दिवशी ते झाकण आपोआप निघाले. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. मी ती चिमट्याने उचलून प्रयोगशाळेच्या धोकादायक कचऱ्याच्या पेटीत टाकली आणि रीतसर नोंद केली. फोन बनवणाऱ्यांनी ती बॅटरी बनवणे कधीच बंद केले होते. तेव्हा दादाने भलत्याच कंपनीची, भलत्याच फोनसाठी बनवलेली एक बॅटरी पैदा केली. ती लांबीला जराशी कमी भरत होती, म्हणून गुडघ्याच्या गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून फटीत कोंबला. फोन सुरू झाला आणि दादाच्या लेखी विषय संपला.

दादा लिफ्टचा मेकॅनिक आहे. त्याच्या हाती अकरा इमारती आहेत. प्रत्येक लिफ्टमध्ये एक लाल बटण असते आणि ते दाबले की थेट याच फोनची घंटी वाजते. बटण किती वाजता दाबले आणि फोन किती सेकंदांत उचलला, हे लिफ्टमधले यंत्र टिपून ठेवते. मर्यादा साठ सेकंदांची. तीन महिन्यांत दोन फोन चुकले, की तो भाग दुसऱ्याला दिला जातो आणि मेकॅनिकची रवानगी नव्या बांधकामांवर होते. तिथे लिफ्ट अजून बसलेली नसते. लोखंडी शिडीने पोकळ बोगद्यात चढायचे आणि उतरायचे. दादा बावन्न वर्षांचा आहे आणि गेल्या वर्षी त्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी त्याला जिनासुद्धा जपून चढायला सांगितले आहे.

एक फोन चुकून झाला होता. तीन आठवड्यांपूर्वी, थंडीच्या सकाळी, शेहेचाळीस टक्क्यांवर.

"एक्केचाळीसला शून्य म्हणायचं ठरलं होतं ना?" मी विचारले होते.

"थंडी होती."

"म्हणजे तुझं शून्य हवामान बघून हलतं."

"शंकासुरा, जेव. भात गार होतोय."

मी जेवले नाही. फोनच्या तपासणीच्या पानावर जाऊन बॅटरीचे तापमान पाहिले. एकतीस अंश. फोन वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला. एकतीस. मग खिडकीत उन्हात ठेवला. एकतीस. जे उपकरण कधीच चुकत नाही त्याच्याकडे मी आधी संशयाने पाहते, आणि बहुधा ते काहीच मोजत नसते. अशा बॅटरीला तीन टोके असतात. दोन विजेची, आणि मधले टोक बॅटरी किती तापली आहे ते फोनला सांगते. या परक्या बॅटरीचे मधले टोक फोनला एकच ठरीव उत्तर देत होते. ती उद्या इस्त्रीइतकी तापली असती, तरी फोनने एकतीस अंश वाचून निवांत चार्जिंग चालू ठेवले असते.

"लिफ्टमध्ये लावतोस का असला दुसऱ्या कंपनीचा भाग?" मी विचारले.

दादाने घास खाली ठेवला. "डोकं फिरलंय का तुझं? दुसऱ्या कंपनीचा स्क्रूसुद्धा लावत नाही मी. माणसं असतात आत."

"आणि फोन कुठे ठेवतोस?"

"खिशात," तो म्हणाला, आणि शर्टाच्या डाव्या खिशावर हात ठेवून दाखवला. वहिनी भांडी आवरता आवरता थांबली. मग तिने दुसऱ्या दिवसापासून तो फोन स्टीलच्या ताटात ठेवून, समोर बसून चार्ज करायला सुरुवात केली.

बॅटरी मोजायची, असे मी ठरवले. त्यासाठी ती काही तास माझ्याकडे हवी होती. आणि तेवढ्या वेळात बटण दाबले गेले तर कोणीतरी फोन उचलायला हवा होता. दादाने कधीही न उघडलेली कंपनीची नियमावली मी वाचून काढली. सातवा नियम सोयीचा होता. ड्यूटीवरच्या माणसाने आपले फोन दुसऱ्या क्रमांकावर वळवले तरी चालतात, मात्र तशी लेखी सूचना त्याच दिवशी कार्यालय बंद होण्याच्या आत पोचली पाहिजे. न पोचल्यास परक्या क्रमांकावर उचललेला फोन चुकलेला धरला जातो. मी पत्र तयार केले, दादाची सही घेतली, त्याचे फोन माझ्या फोनवर वळवले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साहेबांच्या परवानगीने सकाळी बॅटरी यंत्राला लावली. दादाने फक्त एक काम करायचे होते: घरी जाताना ते पत्र कार्यालयात द्यायचे.

"चार तासांसाठी पत्र?" तो हसला होता. "उद्या शिंकण्याआधी अर्ज करायला लावशील."

दुपारी दोनपर्यंत निकाल हातात आला. बॅटरीच्या वेष्टनावर छापले होते तीन हजार चारशे मिलिअँपिअर-तास. प्रत्यक्षात भरले एक हजार आठशे नव्वद. पुन्हा थोडे चार्ज करताना मी तिला खरी तापमापी चिकटवली, तेव्हा तिने चव्वेचाळीस अंश दाखवले. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे होते. मग मी एक बेरीज-वजाबाकी केली. आपल्यात मूळची बॅटरी आहे असे समजून फोन तीन हजार दोनशेतून खर्च वजा करत होता. त्यातून अठराशे नव्वद गेले, की बॅटरी खरोखर रिकामी. फोनच्या हिशेबी मात्र तेराशे दहा शिल्लक. म्हणजे एक्केचाळीस टक्के.

दादाचा आकडा तंतोतंत बरोबर होता. इतका वैताग मला एखाद्या चुकीच्या आकड्याने कधी आणला नव्हता.

बॅटरी पर्समध्ये टाकून मी सहाव्या मजल्यावरून लिफ्टने निघाले. आमची इमारत दादाच्या अकरांपैकीच एक. चौथ्या मजल्यावर, तिथेच शिलाईचे दुकान असलेले टेलरकाका आत आले. हॅंगरवर लटकवलेले तीन कोट त्यांनी डोक्याच्या वर धरले होते, गळ्यात टेप होती आणि कानावर निळा खडू. ते आत येताना काहीतरी टक्क वाजले; मी लक्ष दिले नाही. दार मिटले, लिफ्ट निघाली आणि तिसऱ्याच्या खाली थोडे अंतर जाऊन थांबली.

"थांबली," टेलरकाका म्हणाले.

"हो."

"मग दाबा की ते लाल बटण. तुमच्याच बाजूला आहे."

"जरा थांबा. आधी मला रेंज बघू द्या."

"बाई, अडकलोय आपण. परीक्षेला नाही बसलो."

फोनवर रेंजची एकच कांडी होती, तीही फोन हवेच्या जाळीजवळ धरल्यावर. खाली आणला की नाहीशी होई. मी तीनदा करून पाहिले. काकांच्या कपाळावर तीन आठ्या पडल्या.

"ते बटण दाबलं की फोन माझ्या भावाला जातो," मी समजावून सांगितले.

"मग चांगलंच झालं. घरचाच माणूस."

"त्याच्या फोनची बॅटरी माझ्या पर्समध्ये आहे."

बाह्या घेऊन आलेल्या आणि कोट घरी विसरलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे, तसे काकांनी माझ्याकडे पाहिले. "म्हणजे फोन लागणार नाही."

"लागेल. तो माझ्याकडे वळवलाय."

"तुमच्याकडे. आणि तुम्ही कुठे?"

"इथे."

त्यांनी कोटांचा हात बदलला. "म्हणजे मदत आपणच मागायची आणि आपणच पाठवायची."

"साधारण तसंच."

"ही अक्कल कुणाची?"

"माझी," मी म्हटले. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. "पण बटण दाबल्याची नोंद होते. मी साठ सेकंदांत उचलला नाही, तर माझ्या भावाचा दुसरा फोन चुकेल आणि दुखऱ्या गुडघ्याने त्याला शिड्या चढायला पाठवतील. म्हणून आपण बटणाला हात लावायचा नाही. मी सरळ वहिनीला फोन करते, ती त्याला पाठवेल, कुठेच नोंद नाही."

योजना निर्दोष होती. मी टाचा उंचावून, फोन जाळीला लावून वहिनीचा क्रमांक फिरवला. पहिली घंटी गेली. माझी पाठ होती तेवढ्यात काकांनी कोपराने लाल बटण दाबले.

"तीन वाजता गिऱ्हाईक यायचंय," ते म्हणाले. "लग्नाचे कोट आहेत. तुमचं चालू द्या."

माझी लाइन मोकळी असल्याशिवाय तो फोन मला येणार नव्हता. मी वहिनीचा फोन कापला. लिफ्टच्या छतातल्या स्पीकरमधून घंटी ऐकू येऊ लागली, पण माझ्या हातातला फोन गप्प होता. चार सेकंद. सहा. रेंज गेली होती. मी फोन पुन्हा जाळीला चिकटवला आणि हालचाल बंद केली. आठव्या सेकंदाला तो वाजला. नवव्याला मी उचलला.

त्यानंतर जे झाले ते भौतिकशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने आधीच सांगितले असते. माझा आवाज फोनमधून स्पीकरला, स्पीकरमधून परत फोनला, असा फिरत राहिला आणि त्या लोखंडी खोलीत एक कर्कश शिट्टी चढत गेली. फोन निदान वीस सेकंद चालू राहिला तरच तो उचलला असे धरतात.

"कोण किंचाळतंय?" काकांनी कानावर कोट दाबत विचारले.

"आपणच," मी ओरडले. "बोला, लिफ्ट सेवा. किती माणसं अडकलीत?"

"दोन. तुम्ही आणि मी."

"घाबरू नका. माणूस निघालाय."

"घाबरलेलं कोण आहे? वैतागलोय."

एकविसाव्या सेकंदाला मी फोन बंद केला. एवढ्यात वहिनीचाच फोन आला.

"वन्सं, एक घंटी देऊन फोन ठेवलात?"

"वहिनी, दादाला पाठव. मी लिफ्टमध्ये अडकलेय."

"ते झोपलेत," वहिनी कुजबुजली. "उताणे झोपलेत हो. फोन उशाशी असला की कुशीवर असतात, एक कान वर करून. आज दोन वर्षांनी असे पसरून घोरतायत. पाच मिनिटं चालतील?"

"वहिनी."

"कुणाची लिफ्ट?"

"त्याचीच."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि मग तिचा मोठा आवाज ऐकू आला, "अहो, उठा, तुमची बहीण तुमच्याच लिफ्टमध्ये अडकलीय." मागून दादाचे पहिले वाक्य आले ते असे: "जिन्यानं उतरायला काय धाड भरली होती तिला?"

वीस मिनिटांनी वरून त्याचा आवाज आला. "शंकासुरा, आत आहेस का?"

"खात्री करून सांगते."

त्याने यंत्राच्या खोलीतून लिफ्ट हाताने वर घेतली, तिसऱ्यावर आणली आणि दार उघडले. त्याचे केस एका बाजूने चपटे झाले होते. लंगडत पुढे येऊन त्याने दाराच्या खालच्या खाचेत टॉर्च मारली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एक निळा तुकडा उचलला. त्या तुकड्यामुळे मिटलेले दार वाटेत केसभर उघडले होते आणि लिफ्टने, जसे थांबायला हवे तसे, थांबून घेतले होते.

"कुणाचा हा?"

"भिंतीचा चुना असेल," टेलरकाका म्हणाले.

"निळा?"

काकांनी कानावर हात नेला, अर्धाच खडू हाताला लागला आणि ते छताकडे पाहू लागले.

मी दादाला बॅटरी दिली. त्याने ती बसवली. फोन सुरू झाला नाही. "पुठ्ठा कुठंय?"

"टाकला. कळकट होता."

"टाकला." त्याने तो शब्द जड वजनासारखा उचलून ठेवला. "अठराशे काय ते मोजलंस आणि पुठ्ठा टाकलास. बॅटरी त्याच्यावर चालते, बाई." मग शर्टाच्या खिशातून एक कागद काढला, त्याची आणखी दोनदा घडी घातली आणि फटीत सरकवला. फोन उजळला. "हे बघ. अठ्ठावन्न."

घडीच्या कडेला मला अक्षरे दिसली. 'नियम ७ अन्वये'.

"दादा. ते पत्र आहे."

"कुठलं?"

"सकाळी ऑफिसात द्यायचं होतं ते."

"म्हटलं, चार तासांचा तर प्रश्न. कोण दाबतंय बटण? उद्या देऊ."

"दाबलं. मी नऊ सेकंदांत उचललंय. ते पत्र आज पोचलं नाही, तर तो फोन चुकलेला धरतील. तुझा दुसरा."

दादाने घड्याळ पाहिले. तीन वाजून पाच मिनिटे. कार्यालय चारला बंद होते. मी पत्र ओढून काढले. फोन बंद पडला. त्याने ते परत घातले, फोन उजळला. आम्ही दोघे त्या फटीकडे पाहत उभे राहिलो. फोन माझ्याकडे वळवायची पत्रातली मुदत तीनला संपली होती. फोन चालू ठेवायचा तर पत्र जात नव्हते, आणि पत्र न्यायचे तर उरलेल्या दहा लिफ्ट वाऱ्यावर.

"इकडे आणा," टेलरकाका म्हणाले. त्यांनी अंगठ्याचे नख फटीत घालून पाहिले, खिशातून कॉलरच्या आत घालतात त्या कडक कापडाची पट्टी काढली, छोट्या कात्रीने दोन थर कापले आणि फटीत दाबले. मी न राहवून विचारले, "मोजलं नाहीत?"

"नखानं मोजलं की. चाळीस वर्षं भरतीच करतोय. कुणाचा खांदा कमी, कुणाची छाती."

फोन सुरू झाला. दादाने तो जोरात हलवला, तळहातावर आपटला. चालूच राहिला. न मोजलेला अंदाज एका दुपारी दुसऱ्यांदा बरोबर ठरला होता.

दोन रस्ते ओलांडून मी कार्यालयात पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. सोळा घड्यांचा तो कागद टेबलावर हाताने सपाट करून मी कारकूनबाईंपुढे ठेवला. त्यांनी लिफ्टची नोंद काढली.

"फोन घेणाऱ्या आपण?"

"हो."

"अडकलेल्या?"

"त्याही."

"नऊ सेकंद," त्या म्हणाल्या. "या वर्षातला सगळ्यात लवकर उचललेला आहे."

"फोन हातातच होता."

त्यांनी शिक्का मारला. दादाचा भाग दादाकडे राहिला. मग, कोणी मागितला नसताना, मी माझा तीन पानी अहवालही पुढे केला. बाईंनी दोन ओळी वाचल्या: फोनने दाखवलेले तापमान एकतीस, खरे चव्वेचाळीस. त्या उठल्या आणि कपाटाच्या तळाच्या ट्रेमधून एक पिवळट अर्ज घेऊन आल्या.

"नव्या फोनसाठी यांनीच केला होता. आठ महिन्यांपूर्वी."

"मग मंजूर का नाही झाला?"

त्यांनी अर्ज माझ्याकडे वळवला. 'कारण' या रकान्यात दादाच्या गोल अक्षरात लिहिले होते: फोन नीट चालत नाही. त्याखाली 'शेरा' या रकान्यात, कोणी विचारले नसताना, त्याने प्रामाणिकपणे भर घातली होती: तूर्त भागते आहे.

मी ते वाक्य दोनदा वाचले. बाईंनी माझा अहवाल अर्जाला टाचला आणि म्हणाल्या, "आता पंधरा दिवसांत होईल. हे असं आकड्यात लिहिलेलं असलं, की वरचे घाबरतात."

संध्याकाळी मी दादाच्या घरी जाऊन फोनच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली, आमच्याकडे उपकरणांवर चिकटवतात तशी. 'एक्केचाळीस म्हणजे शून्य. थंडीत शेहेचाळीस म्हणजे शून्य. तापमानाचा आकडा वाचू नये. चार्जिंग फक्त नजरेसमोर. वरच्या खिशात ठेवू नये. तात्पुरते, मुदत पंधरा दिवस. पुनर्मापन आवश्यक.' खाली सही.

दादाने चष्मा लावून ती वाचली. "म्हणजे माझं बरोबर होतं."

"आकडा बरोबर होता."

"बघ गं," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितले, "आयुष्यात पहिल्यांदा. सही करून दिलंय." आणि फोन वरच्या खिशात घातला. माझी नजर पाहून तो काढून टेबलावर ठेवला.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. तिने मागे एकदा पाहिले. दादा खुर्चीत बसून दुखरा पाय स्टुलावर घेऊन होता, आणि फोनच्या बाजूचा कान नेहमीसारखा जरासा पुढे.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "ते चिठ्ठीवर शेवटी लिहिलंय तुम्ही. म्हणजे परत मोजावी लागेल ना बॅटरी?"

"कशाला?"

"नाही, आपलं विचारलं. दुपारची मोजायची असली तर बरं."

एकाच मापनावर मी कधीही विसंबत नाही, असे तिला सांगितले. आणि ते खरेही होते. येत्या रविवारी चार तास, फोन माझ्याकडे वळवून. पत्र या वेळी मी स्वतः शनिवारीच देणार होते, आणि त्या चार तासांत लिफ्टमध्ये पाऊल ठेवणार नव्हते.